शाळा-कॉलेजातला समुपदेशक: नोकरी कुठे आहे, किती टिकाऊ आहे?

(वडगाव मावळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)

आज समोर बारावी झालेली मुलं-मुली आहेत, त्यांचे आई-वडील आहेत आणि बरेच शिक्षकही दिसतायत. विषय तुम्हाला माहीत आहे. शाळा आणि कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करायचं असेल तर नोकरी मिळते का, कोणाला मिळते, आणि ती घरखर्च चालवण्याइतकी असते का?

हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय, पण पुढे काय?’ त्याचं थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. नोकऱ्या आहेत. दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त आहेत आणि वाढण्याची कारणंही आहेत. पण कायम, पगारश्रेणीतल्या जागा फार थोड्या आहेत. बरंचसं काम कंत्राटी, अर्धवेळ किंवा चार-पाच ठिकाणचं मिळून होतं. हे कळूनही ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांनी जरूर यावं. नुसती ‘सुरक्षित नोकरी’ म्हणून मात्र येऊ नये.

आता हे सविस्तर बघू.

एका नावाखाली तीन कामं

जाहिरातीत ‘अकॅडमिक कौन्सेलर’ असा शब्द दिसला की आधी थांबा. या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं काम शाळा-कॉलेजातल्या समुपदेशकाचं. मुलाचा अभ्यास, विषयनिवड, करिअर, घरातला ताण, मैत्री, भीती, हे सगळं त्यात येतं. आज आपण प्रामुख्याने याच कामाबद्दल बोलतोय.

दुसरं काम मुक्त विद्यापीठांचं. इग्नूच्या अभ्यासकेंद्रावर जे प्राध्यापक रविवारी शंका सोडवायला येतात त्यांनाही ‘अकॅडमिक कौन्सेलर’च म्हणतात. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने त्यासाठी ‘संमंत्रक’ असा वेगळा शब्द रूढ केला. हे काम शिकवण्याचं आहे, मानधनावर असतं, आणि बहुतेक जण ते मूळ नोकरी सांभाळून करतात.

तिसरं काम खासगी क्लास, ऑनलाइन शिकवणी कंपन्या आणि काही खासगी संस्थांच्या प्रवेश विभागातलं. नाव समुपदेशकाचं, पण काम प्रवेश विकण्याचं. रोज किती फोन केले, महिन्याला किती प्रवेश झाले याचं टार्गेट असतं. विक्री हे वाईट काम नाही, प्रामाणिकपणे करता येतं. पण मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीने ते समुपदेशन समजून स्वीकारलं तर दोन महिन्यांत तिचा भ्रमनिरास होतो. शिवाय तो अनुभव पुढे शाळेच्या मुलाखतीत फारसा धरला जात नाही. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: ‘माझ्या कामाचं मोजमाप कशावर होणार?’ उत्तरात प्रवेशांचा आकडा आला तर काय समजायचं ते समजा.

हे काम नवीन नाही

लोकांना वाटतं समुपदेशन हे गेल्या पाच-दहा वर्षांतलं शहरी खूळ आहे. तसं नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्यांची मांडणी साधी होती. मुलाला स्वतःची ओळख हवी, कामधंद्यांची माहिती हवी, आणि या दोन्हींचा मेळ घालायला कोणीतरी मदत करायला हवी. आजही आपण तेच करतो.

आपल्याकडे मुंबईत बाटलीबॉय यांनी १९४१ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपलं केंद्र काढलं. १९५० मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनासाठी सरकारी कार्यालयच उभं केलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन असावं असं सांगितलं, १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही तेच सांगितलं. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे मानसशास्त्रीय चाचण्या आणि मार्गदर्शन यांचं काम आजही चालतं. १९९० पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आय.पी.एच. ही संस्था मानसिक आरोग्याचं काम करते.

म्हणजे कल्पना जुनी, शिफारशीही जुन्या. मग शाळेत माणूस का नाही? कारण शिफारस झाली, पण पद मंजूर झालं नाही. आपल्या अनुदानित शाळेची संचमान्यता बघा. विद्यार्थिसंख्येवर मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई अशी पदं ठरतात. समुपदेशक त्या रांगेत नाही. मग शाळा काय करते? एखाद्या प्रेमळ शिक्षिकेला म्हणते, ‘मॅडम, तुम्ही बघा जरा मुलींचं.’ त्या बघतातही. पण आठवड्याच्या सगळ्या तासिका घेऊन, पेपर तपासून, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं करून बघतात.

एक जवळचं उदाहरण देतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने दहावीच्या मुलांची ‘कल चाचणी’ सुरू केली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, आणि मुलाचा कल कुठे आहे ते त्यात निघायचं. कल्पना चांगली होती. पण ‘कल ललित कलेकडे’ असा कागद कामशेतच्या मुलाच्या हातात आला, तर पुढे काय? कोणतं कॉलेज, फी किती, रोज जाणं-येणं कसं, पोट भरेल का? आणि कल आहे म्हणजे क्षमताही आहे असं थोडंच असतं? चाचणी मशीन घेऊ शकतं. तिचा अर्थ मुलाच्या घराच्या परिस्थितीशी जुळवून सांगायला माणूस लागतो. तो माणूस बहुतेक शाळांत नव्हता.

आता काय बदललं?

तीन गोष्टी बदलल्या आहेत, आणि नोकरीच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली, सी.बी.एस.ई.चे नियम. बोर्डाच्या २०१८ च्या मूळ संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेने पूर्णवेळ समुपदेशक नेमायचा, असं होतं. नववी ते बारावीत ३०० पेक्षा कमी मुलं असतील तर अर्धवेळ चालायचा. म्हणजे तिथे हे पद शाळेच्या मर्जीवर नाही, संलग्नतेची ती अट आहे. नियम अधूनमधून सुधारले जातात, म्हणून अर्ज करताना बोर्डाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत वाचा.

दुसरी, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्यात शाळांचे समूह करून समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते वाटून घ्यावेत असं सुचवलंय. मावळासारख्या तालुक्यासाठी ही कल्पना फार उपयोगाची आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणारी १७ वर्षांची मुलगी जुलै २०२३ मध्ये गेली. तिच्या वडिलांनी न्याय मागितला, त्यातून हा निकाल आला. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या आणि सरकार कायदा करेपर्यंत त्या बंधनकारक राहतील असं सांगितलं.

आपल्या कामाच्या चार सूचना सांगतो. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्यापेक्षा लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी. सर्व शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं. आणि मुलांना व पालकांना नियमित करिअर मार्गदर्शन पात्र समुपदेशकाकडूनच मिळावं.

या निकालामागचा आकडा ऐकायला कठीण आहे, पण ऐकला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ही प्रत्येक आत्महत्या समुपदेशकाने टळली असती असं आम्ही म्हणणार नाही, ते खरं नाही. पण मुलाने बोलायचं ठरवलं तर शाळेत ऐकून घेणारं कोणीतरी असावं, एवढी तरी सोय हवी.

आता ‘नेमावा किंवा सेवा घ्यावी’ हे शब्द नीट लक्षात घ्या. त्यात संधी आहे आणि मेखही आहे. शाळा पूर्णवेळ माणूस नेमू शकते, किंवा आठवड्यातून एक दिवस कोणाला तरी बोलावू शकते. अनुदानित शाळेला पगार कुठून द्यायचा हा प्रश्न निकालाने सुटत नाही. म्हणून निकाल आला म्हणजे उद्या हजारो कायम जागा निघतील, अशा समजुतीत राहू नका. मागणी तयार झाली आहे, पण मंजूर पदांचं काय हे अजून बाकी आहे.

वडगाव स्टेशनवर उभं राहून बघू

वडगावला उभं राहिलं की एका बाजूला तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड करत पिंपरी-चिंचवड आणि पुणं. दुसऱ्या बाजूला कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. लोकलच्या या एका पट्ट्यात जवळजवळ सर्व प्रकारच्या नोकऱ्या बघायला मिळतात.

सी.बी.एस.ई. आणि इतर खासगी इंग्रजी शाळा: तळेगावपासून पुढे पिंपरीपर्यंत या भरपूर आहेत. पूर्णवेळ जागा सर्वांत जास्त इथेच. जाहिराती साधारण फेब्रुवारी ते मे दरम्यान निघतात. मुलाखतीत इंग्रजी लागतंच, पण मराठी उत्तम असणं हे तुमचं बळ आहे, कारण घाबरलेलं मूल आणि रागावलेली आई शेवटी मराठीतच बोलतात.

केंद्रीय विद्यालयं: इथे समुपदेशक बहुधा एका शैक्षणिक वर्षापुरते कंत्राटी घेतात, थेट मुलाखतीने. पगार ठरलेला आणि वेळेवर, पण पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत. सुरुवातीचा अनुभव घ्यायला चांगली जागा.

राज्य मंडळाच्या मराठी शाळा: गरज सर्वांत जास्त, मंजूर पद नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात मंडळ विभागवार समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, ते काम मोलाचं आहे. पण ते परीक्षेपुरतं. बाकीचं वर्ष संस्थेने स्वतःच्या पैशातून, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून किंवा कंपन्यांच्या सी.एस.आर. निधीतून सोय केली तरच होतं. तळेगाव-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यामुळे हा शेवटचा मार्ग आपल्याकडे अगदीच अशक्य नाही.

महाविद्यालयं आणि विद्यापीठं: यू.जी.सी.च्या २०१५ च्या सूचनांत २५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक अशी कल्पना आहे. नॅकच्या मूल्यांकनातही करिअर मार्गदर्शनाचा हिशेब मागतात. परिणाम असा, की बऱ्याच कॉलेजांत हे काम प्राध्यापकांवरच येतं आणि फाईल तयार होते. स्वतंत्र समुपदेशक घेणारी बहुतेक खासगी विद्यापीठं, इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं, किंवा मोठ्या संस्था. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिगट नेमला. त्यामुळे या बाजूलाही हालचाल सुरू आहे.

सरकारी आरोग्य विभाग: हे अनेकांना माहीतच नसतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत जी केंद्रं असतात त्यांना आपल्याकडे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथे समुपदेशकाची जागा असते, कंत्राटी असते, आणि शाळांना भेटी देणं हा कामाचा भाग असतो. जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागाच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

एक माणूस, पाच शाळा

आता शाळासमूहाचा हिशेब मांडून बघू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या शाळेचे नाहीत.

समजा, ४०० मुलांच्या पाच शाळा आहेत. प्रत्येक शाळा आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बोलावते आणि महिन्याला ६,००० रुपये देते. शाळेला मुलामागे महिना १५ रुपये पडले. समुपदेशकाला पाच शाळांचे मिळून ३०,००० झाले. वर्षातले दहा महिने धरले तर ३ लाख.

काम किती होईल? एका दिवसात वर्गावरचे दोन तास आणि चार स्वतंत्र भेटी. वर्षाचे ३६ आठवडे धरले तर एका शाळेत ७२ तास आणि १४४ भेटी. ज्या मुलाला खरी मदत हवी त्याला तीन-चार भेटी लागतात. म्हणजे वर्षभरात ३६ ते ४८ मुलांकडे नीट लक्ष देता येईल. ४०० मधली साधारण दहातलं एक मूल. पुरेसं आहे का? नाही. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक पूर्णवेळ माणूस असावा म्हणते, आणि इथे २,००० मुलांमागे एक झाला. पण आज जिथे कोणीच नाही तिथे हे खूप मोठं पाऊल आहे.

यातली अडचणही सांगतो. सोमवारी एका शाळेत असलेला माणूस गुरुवारी घडलेल्या प्रसंगाला तिथे नसतो. म्हणून प्रत्येक शाळेत एक शिक्षक किंवा शिक्षिका ‘दुवा’ म्हणून लागते, आणि मुलांना टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर पाठ असावे लागतात. आणि पाच संस्थांशी पाच लेखी करार हवेत. तोंडी बोलण्यावर सुरू केलेलं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर बंद पडतं.

मावळात नेमकं काय काम असतं?

नोकरी म्हटलं की आपण पगाराचं बोलतो, पण काम काय हे कळल्याशिवाय तुम्ही त्यात टिकाल का ते कळणार नाही.

अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. दहावीपर्यंत शाळा जवळ, पुढचं कॉलेज लांब. मुलगी हुशार असते, पण एस.टी. चुकली तर घरी यायला अंधार होतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘बास झालं.’ इथे समुपदेशकाने ‘आत्मविश्वास वाढवा’ असं भाषण करून काहीच होत नाही. त्याला माहीत हवं, की मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षा दिली आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. हे सगळं एका कागदावर लिहून वडिलांशी बोलणं हेही समुपदेशनच आहे. कधी कधी तेच सर्वांत उपयोगी पडतं.

दुसरा मुद्दा जमिनीचा. काही घरांत जमीन विकून एकदम पैसा आला, काही घरांत जमीनच राहिली नाही. पहिल्या घरातला मुलगा म्हणतो शिकून काय करू, दुसऱ्या घरातला म्हणतो मला लगेच कंपनीत लागायचंय. दोघांच्या हातात ठेकेदाराचा आठ महिन्यांचा कागद येतो. आय.टी.आय., पॉलिटेक्निक आणि कंत्राटी हेल्पर यांत पाच वर्षांनी काय फरक पडतो, हे आकडे मांडून दाखवणारं कोणीतरी लागतं.

तिसरा मुद्दा अकरावीचा. २०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. आधी ती पुणे-पिंपरी चिंचवडसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता मावळातल्या मुलालाही दहापर्यंत पसंतिक्रम भरावे लागतात. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेला पसंतिक्रम मुलाची दोन वर्षं ठरवतो. शाळेत जूनमध्ये आठ दिवस जाणता माणूस बसला तरी केवढा फरक पडेल बघा.

आणि चौथं, जे सर्वांत अवघड आहे. मूल विश्वासाने काहीतरी सांगतं, आणि ते लैंगिक अत्याचाराचं निघतं. तिथे ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन समुपदेशकाला देता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवावंच लागतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थेकडून ‘आपल्या शाळेचं नाव जाईल’ असा दबाव येऊ शकतो. नोकरी कंत्राटी असताना त्या दबावाला उभं राहणं सोपं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, पहिल्याच भेटीत मुलांना गोपनीयतेची मर्यादा सांगायची. आणि संस्थेशी करार करताना ही गोष्ट लेखी घ्यायची.

शिक्षण कोणतं घ्यावं?

रस्ता असा: बारावी कोणत्याही शाखेतून, मग मानसशास्त्रात बी.ए. किंवा बी.एस्सी., मग एम.ए. किंवा एम.एस्सी. त्यात समुपदेशनाचा भाग आणि प्रत्यक्ष काम जितकं जास्त तितकं चांगलं. सी.बी.एस.ई.च्या २०१८ च्या नियमांत मानसशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका, असे पर्याय होते. प्रत्यक्षात चांगल्या शाळा एम.ए. मागतात.

शिक्षकांसाठी एन.सी.ई.आर.टी.ची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका आहे. काही महिने घरून अभ्यास, काही महिने केंद्रावर वर्ग, मग इंटर्नशिप. आपल्याला भोपाळचं केंद्र जवळ. बी.एड. झालेल्या, शाळेत असलेल्या शिक्षकासाठी हा आम्हाला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो, कारण त्याची नोकरी जात नाही आणि शाळेला प्रशिक्षित माणूस मिळतो.

एक सावधगिरीची सूचना, ही लिहून घ्या. यू.जी.सी.ने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला बंदी केली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या कक्षेत हा विषय आला, म्हणून. त्यामुळे ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ अशी जाहिरात दिसली तर फी भरण्याआधी यू.जी.सी.चं संकेतस्थळ बघा. आणि तीस तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन कोणी समुपदेशक होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे पद तर आणखी वेगळं. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि शाळेच्या समुपदेशकाने रोगनिदान करायचं नसतं. गरज दिसली की योग्य माणसाकडे पाठवणं, हेही या कामातलं कौशल्यच आहे.

मुलाखतीत विचारायचे पाच प्रश्न

बसायला दार बंद होणारी खोली आहे का? माझ्यावर शिकवण्याच्या किती तासिका असतील? नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील? करार किती महिन्यांचा आणि सुट्टीचा पगार मिळतो का? अवघड प्रसंगात मी कोणत्या वरिष्ठ तज्ज्ञाशी बोलू शकेन? या पाचांची उत्तरं टाळली गेली, तर तिथे तुम्हाला रिकाम्या तासांवर पाठवायला आणि गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायला घेतायत असं समजायला हरकत नाही.

प्रश्नोत्तरं

*सर, माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला हे आवडतं. पण मी रिक्षा चालवतो, पाच-सहा वर्षं थांबणं परवडेल का?*

दादा, प्रश्न अगदी योग्य आहे. पाच वर्षं लागतात हे खरं. पण मध्ये दोन टप्पे करता येतात. बी.ए. झाल्यावर एखाद्या संस्थेत, बालवाडीत किंवा विशेष मुलांच्या शाळेत सहायक म्हणून काम करून ती स्वतःच्या पुढच्या फीचा काही भाग उभा करू शकते. तो अनुभव एम.ए. प्रवेशाला आणि नोकरीला उपयोगीच पडतो. आणि पदवीला तिच्या जोडीला बी.एड.चा विचार ठेवा. बी.एड. आणि समुपदेशन दोन्ही असलेल्या माणसाला शाळा लवकर घेते.

*मी वीस वर्षं शिक्षिका आहे. मुलं माझ्याशी बोलतातच. मग वेगळं शिक्षण कशाला?*

ताई, मुलं बोलतात ही मोठी मिळकत आहे, ती कोणत्याही पदविकेत मिळत नाही. पण ऐकल्यावर काय करायचं, काय करायचं नाही, कुठे थांबायचं हे शिकावं लागतं. आणखी एक अडचण आहे. तुम्हीच त्याचे गणिताचे पेपर तपासता. मार्क देणाऱ्या माणसाला मूल सगळं सांगत नाही. म्हणून शिक्षक-समुपदेशकाने शक्यतो स्वतः शिकवत नसलेल्या वर्गांसोबत काम करावं.

*कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. करिअरची माहिती फोनवर मिळते. पाच वर्षांनी ही नोकरी राहील का?*

माहिती देण्यापुरतंच जो काम करतो त्याची राहणार नाही, आणि तशी ती आजही नाजूकच आहे. कटऑफ, फी, तारखा हे फोन सांगेल. पण बाप नाही म्हणतोय, मुलगी रडतेय, आजी मध्ये पडलीये, अशा घरात बसून एक वर्षाची मुदत मिळवून देणं फोनला जमत नाही. तुम्ही कोणतं काम शिकताय यावर उत्तर अवलंबून आहे.

*आमच्या शाळेत ३५० मुलं आहेत. संस्थेकडे पैसे नाहीत. आम्ही सुरुवात कुठून करू?*

तुमची शाळा १०० च्या वर आहे, म्हणजे निकालाची सूचना तुम्हाला लागू होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी घ्या. शेजारच्या तीन-चार मुख्याध्यापकांना विचारा, एक दिवस वाटून घ्यायला तयार आहेत का. मानसशास्त्र विभाग असलेल्या पुण्यातल्या एखाद्या कॉलेजला पत्र लिहा, त्यांच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी जागा हवीच असते. फक्त त्यांच्यावर देखरेख करणारे प्राध्यापक महिन्यातून एकदा तरी यायला हवेत. ते विद्यार्थी शिकाऊ आहेत, शाळेने त्यांना तज्ज्ञ समजून अवघड प्रसंग सोपवू नयेत. आणि हे होईपर्यंत, १४४१६ हा नंबर उद्याच प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लावा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

वेळ संपली आहे. ज्यांना अभ्यासक्रमांबद्दल विचारायचंय त्यांनी थांबा, आम्ही शेवटच्या लोकलपर्यंत इथेच आहोत.